चौकोनी माणूस

३ मार्च, मंगळवार

यांचा ठोकळा केलाय तिनं! चौकोनी डोकं, चौकोनी पोट, पायांच्या जागी दोन काड्या. डोळे म्हणजे दोन काळे ठिपके, बस्स. आणि वर माझ्याकडे बघून विचारते, "कसं वाटतंय, आई?"

कसं वाटणार? या माणसाला जाऊन दोन वर्षं झाली आणि पोटच्या पोरीनं त्याचा व्हिडिओ गेम केला! "चहा उतू जाईल" म्हणत उठले. चहा ठेवलाच नव्हता.

४ मार्च

काल डोकं ठिकाणावर नव्हतं, आज नीट लिहिते.

टिकली रजा काढून घरी आली आहे. (टिकली हे नाव यांनीच ठेवलेलं. जन्मली तेव्हा एवढीशी होती, आता माझ्याशी खाली वाकून बोलते तरी टिकलीच.) गेम बनवणाऱ्या कंपनीत ती चित्रं काढते. हा गेम मात्र कंपनीचा नाही, तिचा एकटीचा आहे. यांच्या शेवटच्या आजारपणावरचा. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तो सगळ्यांसाठी खुला करायचा म्हणते. जगात कुणीही उठावं आणि आमच्या घरात शिरावं.

"पण तू नाही म्हणालीस तर नाही काढणार. खरंच सांगते."

म्हणजे सगळं ओझं आलं माझ्याच डोक्यावर. नाही म्हटलं तर मी वाईट.

गेममध्ये आहे तरी काय? एक खोली, एक पलंग, पलीकडे बाल्कनी. रोज सकाळी त्या ठोकळ्याचं कोपर धरायचं आणि त्याला बाल्कनीपर्यंत न्यायचं. घाई केली की त्याला धाप लागते आणि तो मटकन खाली बसतो. हळू चाललं की पोचतो. तिथं उभा राहून रस्ता बघतो. झालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, फक्त बाल्कनी आदल्या दिवसापेक्षा लांब गेलेली असते.

"यात जिंकायचं काय?"

"काही नाही."

"मग खेळायचं कशाला?"

लॅपटॉप मिटला तिनं. मला वाटलं, निरुत्तर केलं. मनातून बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

५ मार्च

जेवताना न राहवून म्हटलं, "नाकाचा चौकोन एका बाजूला सरकलाय तुझा. तेवढा तरी नीट कर."

"तो बरोबर आहे."

हट्टी! आमच्या स्टुडिओच्या धंद्यात फोटोत असे ठोकळे पडले तर गिऱ्हाईक फोटो तोंडावर फेकून जाईल, असंही सांगितलं. हसली. मी हसायला सांगितलं नव्हतं.

८ मार्च, रविवार

भाऊजी आले होते. यांचे धाकटे भाऊ. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना सगळ्या गोष्टींवर शेरा मारायला वेळ मिळतो. टिकलीनं कौतुकानं लॅपटॉप पुढे केला.

"हे काय, दादाचं बाहुलं केलंस? अगं, आजारपण म्हणजे काय गंमत आहे? असलं बघून लोक हसतील."

"काका, खेळून तरी बघा."

"नको बाई. हे पोराटोरांचं."

टिकलीचा चेहरा पडला. मी मध्ये पडायला हवं होतं, पण मला तर भाऊजींचं तंतोतंत पटत होतं! उलट ते गेल्यावर मीच री ओढली. म्हटलं, करायचंच असेल तर माणसासारखा माणूस काढ. सुरकुत्या दिसू देत, नखं दिसू देत, पिकलेले केस दिसू देत. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की इथं कुणीतरी खरोखर आजारी आहे. ठिपक्यांसाठी कोण कशाला हळहळेल? की तुला जमत नाही?

हे शेवटचं बोलायला नको होतं.

"जमतं. दाखवते करून. बाबांचे फोटो दे."

दिले. फोटोंची काय कमी आहे या घरात! फोटोवालीचा नवरा तो. अल्बमच्या अल्बम काढून दिले. समोरून, बाजूनं, उभे, बसलेले, तरुण, म्हातारे. सगळे माझ्याच स्टुडिओतले.

११ मार्च

सकाळी एक बाई आली, आईचा फोटो मोठा करून घ्यायला. आई गेल्या महिन्यात गेली. मोबाइलवर कुठल्याशा समारंभातला घोळक्यातला फोटो. "मानेवरची ती गाठ काढता येईल का हो? आणि डोळे थोडे उघडा."

काढली गाठ. उघडले डोळे. डोळ्यांखालची काळी वर्तुळंही पुसली, ती तिनं न सांगताच. हात आपोआप जातो आता. माझे वडील पेन्सिलीनं करायचे, मी माउसनं करते, एवढाच फरक. बाई फोटो बघून म्हणाली, "अशीच होती अगदी!" दर वेळी असंच म्हणतात सगळे.

भिंतीवर जाऊन बसायचं म्हणजे माणसानं नीटनेटकं दिसावं, या मताची मी आहे. त्यात लबाडी काय?

टिकली दार लावून कामाला बसली आहे. चहा आत नेऊन द्यावा लागतो.

१५ मार्च

आज काही नाही. पावती-पुस्तक संपलं. पासपोर्ट फोटोला एक तान्हं बाळ आलं होतं, काही केल्या दोन्ही डोळे एकसारखे उघडेना. त्याची आई घामाघूम, मी घामाघूम. बाळ मजेत.

१९ मार्च

झालं तिचं. सगळा गेम नाही, नुसती खोली आणि हे, एवढंच खऱ्यासारखं करून दाखवलं. मी चष्मा पुसून बसले.

काय सुंदर काम! चादरीच्या चुण्या, पाण्याच्या ग्लासवरचा उजेड, शर्टाची ती निळी रेघ. खिडकीतून येणारी सावलीसुद्धा चुकली नव्हती, आणि सावलीतलं मला कळतं. म्हटलं, वा! असं पाहिजे! आणि मग पलंगावरच्या माणसानं माझ्याकडे तोंड वळवलं.

हा कोण?

केस यांचे, कपाळ यांचं, शर्ट तर यांचाच. पण असा माणूस दुकानात आला असता तर मी "या, बसा" म्हणून स्टूल पुढे केलं असतं आणि किती प्रती हव्यात ते विचारलं असतं. सरळ नाक. दोन्ही डोळे एकसारखे. कुणाही चांगल्या घरातले गृहस्थ.

सरळ नाक!

यांचं नाक लहानपणी सायकलवरून पडून मोडलं होतं. डावीकडे चांगलं वाकलेलं. डावी पापणीही जराशी उतरलेली, त्यामुळे हे कायम अर्धवट डोळा मारल्यासारखे दिसायचे. आणि मी प्रत्येक फोटोत ते नाक सरळ केलं. अगदी पहिल्यापासून! आमची ओळखच तशी झाली. वडिलांच्या दुकानात हे ओळखपत्राचा फोटो काढायला आले. मी नवीनच काम शिकलेली, हौसेनं नाक सरळ केलं, पापणी उचलली. फोटो हातात घेऊन म्हणाले, "हा देखणा माणूस कोण? त्याला त्याचा फोटो द्या, आणि मला माझा." पुढे लग्न झाल्यावर चिडवायचे, "लग्न केलंस फोटोतल्या माणसाशी, आणि घरात शिरलो मी."

पण मी सवय सोडली नाही. यांच्याही फोटोवरून हात आपोआप फिरायचा. घरात यांचा एक फोटो नाही ज्यात यांचं स्वतःचं नाक आहे.

टिकलीला म्हटलं, "हे असे नव्हते गं."

"मलाही तसंच वाटत होतं. पण सगळ्या फोटोंत नाक सरळच आहे. म्हटलं, मलाच चुकीचं आठवतंय."

भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवून सांगितलं सगळं. तिनं कपाळावर हात मारला. मग आम्ही दोघी हसलो, अगदी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पण हसणं थांबल्यावर मला फार वाईट वाटलं. पोरीनं माझ्या फोटोंवर विश्वास ठेवून स्वतःची आठवण खोटी ठरवली होती.

आणि त्या ठोकळ्याच्या नाकाचा चौकोन डावीकडे सरकलेला होता! मी त्याला चूक म्हणत होते.

२२ मार्च, रविवार

भाऊजी पुन्हा आले. (आले म्हणजे मीच बोलावलं. मला बघायचं होतं.) टिकलीनं त्यांना आधी नवा, खऱ्यासारखा दाखवला.

"वा वा! हुबेहूब दादा!" (सख्ख्या भावालाही नाक आठवलं नाही, हे मी इथं नोंदवून ठेवते.) मग म्हणाले, "हाताची बोटं जरा जाडी झाली. पण खिडकीचा पडदा झकास. हे सगळं कॉम्प्युटरवर? किती वेळ लागतो?" थोडा वेळ खोलीतल्या घड्याळाचं डिझाइन कसं बरोबर आहे ते बघितलं आणि लॅपटॉप बाजूला सारून बिस्किट घेतलं.

"आता ते बाहुलं द्या इकडे, बघू. परवा पोर नाराज झाली होती."

टिकलीनं ठोकळ्यांचा गेम लावून दिला. कसं धरायचं, कसं चालायचं ते सांगितलं. पहिल्याच खेपेला भाऊजींनी पळवलं. ठोकळा खाली बसला. धाप लागली. धाप म्हणजे तरी काय, पोटाचा चौकोन वर-खाली, वर-खाली. भाऊजी म्हणाले, "अरे!" दुसऱ्या खेपेला जपून नेलं. तिसऱ्या खेपेला बाल्कनी लांब गेलेली, मध्येच थांबावं लागलं. भाऊजी वाट बघत राहिले. कुणी सांगितलं नव्हतं थांबायला. आणि मग अगदी हळू आवाजात, "ये दादा. सावकाश. ये."

चहा गार झाला त्यांचा. जाताना चपला घालताना पाठमोरेच म्हणाले, "मी शेवटी शेवटी यायचं टाळत होतो, वहिनी. बघवत नव्हतं." मी म्हटलं, "माहीत आहे मला." माहीत होतंच.

आता मी काय समजायचं? खऱ्यासारख्या माणसाकडे त्यांनी बघितलं. बघून मार्क दिले, बोटांचे इतके, पडद्याचे इतके. ठोकळ्याला मार्क द्यायला काही होतंच नाही, म्हणून बहुतेक त्याच्याबरोबर चालू लागले. हे मला लिहिताना विचित्र वाटतंय. चाळीस वर्षं चेहऱ्यांचं काम केलं मी.

२४ मार्च

आज मी स्वतः खेळले. इतके दिवस नुसती लांबून बघत होते.

माझी बोटं बधिर. दाबायचं एक, दाबलं जायचं दुसरंच. हे — तो ठोकळा — धपकन खाली बसला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, बसा बसा. घाई नाही काही." ठोकळ्याला अहोजाहो! टिकली शेजारी बसली होती, तिनं काही ऐकलं नाही असं दाखवलं. शहाणी आहे.

जन्मभर जमिनी मोजत हिंडलेला माणूस. भूमापक म्हणून मैलोन् मैल पायी तुडवलेले. आणि शेवटी पलंगापासून बाल्कनीपर्यंतची वाट संपेना. तेच, अगदी तेच. माझ्या अंगठ्याखाली.

पोचलो एकदाचे बाल्कनीत. ठोकळा रस्ता बघत उभा. मी म्हटलं, "हे मात्र चूक हं. रस्ता कसला बघतात!"

"म्हणजे?"

"आत रेंज नव्हती. तुझा व्हिडिओ कॉल बाल्कनीतच लागायचा. म्हणून चालायचे."

"मला वाटायचं बाबांना तो रस्ता आवडतो. तू सांगायचीस किती कष्टानं चालत जातात ते, आणि फोनवर नेहमी मागे रस्ताच असायचा."

"छे. डॉक्टर ओरडायचे, उठू नका म्हणून. मी म्हणायची, आज राहू दे, उद्या बोलू. ऐकतील तर शपथ. सकाळ झाली की, 'चल, पोरीची वेळ झाली.'"

"माझ्यासाठी यायचे? एवढं चालत?"

"मग काय माझ्यासाठी?"

आणि मग जे बोलायचं नाही असं दोन वर्षं ठरवलं होतं तेच बोलले. "तू यायला हवं होतंस, टिकले. सगळं उरकल्यावर आलीस."

परदेशातली नवी नोकरी, कागदपत्रं अडकलेली, निघता येत नव्हतं. सगळं मला ठाऊक आहे. तरी बोलले. ती उठून आत गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

२६ मार्च

धड बोलणं नाही. "मीठ दे", "टॉवेल वाळला का", एवढंच.

उद्या जायची. मी अजून हो म्हटलेलं नाही. तिनं विचारलंही नाही.

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, विचार करत बसले. खऱ्यासारखा माणूस काढता येतो तिला, हे मी या डोळ्यांनी बघितलं. नाक सरळ करून चुकलं, तर वाकडं करायला कितीसा वेळ? वाकडं नाक, उतरलेली पापणी, सगळं घालून खरेखुरे हे उभे करता येतील तिला. मग ठोकळेच का? भाऊजींना भिडलं, मलाही भिडलं, कबूल. तरी एक सल राहतोच. लोक म्हणतील, बापाच्या आजारपणाचं हिला एवढंच दिसलं? एवढेच ठिपके? जवळ नव्हती म्हणूनच असं लांबून, ढोबळ काढता आलं हिला. मी उशाशी होते. मला ठाऊक आहे यांची एकेक शीर.

संध्याकाळी भांडी विसळताना विचारलंच. चिडून नाही, साधंच. "असेच का काढलेस गं?"

"मला असेच माहीत आहेत," म्हणाली, आणि ताट पुसत राहिली.

हे काय उत्तर झालं?

२७ मार्च

गेली. फाटकापर्यंत पोचवायला गेले. मिठी मारली, घट्ट. हो-नाही काहीच नाही.

१ एप्रिल

मेसेज आला तिचा. नवी खोली घेतली, सामान लावलं, खिडकी मोठी आहे. शेवटी एक ओळ : "आई, नको असेल तर सांग मोकळेपणी. मी रागावणार नाही."

लिहिलं, "विचार करते." पाठवलं. मग दिवसभर स्वतःवर चिडचिड. इतका कसला विचार करते मी?

४ एप्रिल, शनिवार

आत्ता टिकलीचा फोन आला होता, व्हिडिओवाला. नव्या खोलीत नेट धड नाही म्हणाली. पडदे कुठल्या रंगाचे घ्यावेत ते विचारत होती आणि बोलता बोलता तिचा चेहरा तुटायला लागला. आधी हनुवटी, मग सगळाच. चौकोन, नुसते चौकोन. डोळ्यांच्या जागी दोन काळे ठिपके. आवाज मात्र तिचाच, पडद्यांचं बोलणारा.

तेव्हा, यांच्या आजारपणात, आम्हाला ती नेहमी काचेसारखी स्वच्छ दिसायची. बाल्कनीतल्या तेवढ्याशा रेंजवरून आम्ही तिकडे कसे पोचतो, ते मी एकदाही विचारलं नाही. रोज यांचे केस विंचरून, चेहरा उजेडाकडे करून बसवायची मी यांना, तिला बरे दिसावेत म्हणून. आणि तिला तिकडे हे असे दिसत होते. एवढेच मिळाले तिला बाबा, ते सगळे महिने. मिळाले तेवढे सगळे तिनं काढले.

"आई, दिसतेय का मी? थांब, बंद करून पुन्हा लावते."

"नको, लावू नकोस," म्हटलं. "दिसतेस. आणि गेम येऊ दे बाहेर. आहे तस्सा."